कॅमेऱ्याचा दिवा मुलांकडे देणाऱ्या रत्नाताई

रत्नमाला वाहुळे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते अंधेरीच्या एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत. मी तिथं नोकरीला होतो. मालिकांचं डबिंग, जाहिरातींचे आवाज, मधूनच एखादा माहितीपट, असं काम चालायचं. ताई आपल्या एका माहितीपटाचा आवाज नीट करून घ्यायला आल्या होत्या. कांजूरमार्गच्या कचराभूमीजवळ राहणाऱ्या बायकांवरचा तो माहितीपट होता. त्यातल्या एका बाईंच्या मुलाखतीमागे कचऱ्याच्या गाड्यांची घरघर आणि कावळ्यांचा कलकलाट होता. मी दुपारभर बसून तो सगळा साफ केला आणि मोठ्या ऐटीत ताईंना ऐकवला. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"परब, या बाई जिथं राहतात तिथं हा आवाज दिवसरात्र असतो," त्या म्हणाल्या. "तो काढून तुम्ही त्यांना कुठं राहायला पाठवलंत?"

मी हेडफोन उतरवून टेबलावर ठेवले.

"कावळे परत आणा. गाड्या परत आणा. बाईंचं बोलणं कळेल एवढं बघा, बास."

मी कावळे परत आणले. त्यानंतर ताईंच्या प्रत्येक माहितीपटाचा आवाज मीच केला. 'तुम्ही परब'चं पुढे 'अरे दिलीप' झालं. आज ताई साठ वर्षांच्या होत आहेत आणि या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला चार शब्द लिहायला सांगितले आहेत. लिहिणं हे माझं काम नाही. पण युक्रेनवर सैन्य चालून आलं त्या दिवसांत ताईंच्या शेजारी मी होतो, आणि तिथं काय घडलं ते ताई स्वतः धड सांगत नाहीत. कुणी विचारलंच तर "पिक्चर बघा ना" म्हणून विषय संपवतात. म्हणून हे धाडस.

ताईंचं घराणं मूळचं जालन्याकडचं. वडील टपाल खात्यात पत्रं लावायच्या कामावर मुंबईला आले आणि घाटकोपरच्या डोंगरउतारावर खोली घेऊन राहिले. आई घरी शिलाई मशीनवर बसून परकर-ब्लाउज शिवायच्या. ताईंच्या पाठचा भाऊ मिलिंद तान्हा असताना त्याला मोठा ताप आला. तापातून तो वाचला, पण त्याचं ऐकणं गेलं. मिलिंद कर्णबधिरांच्या शाळेत जायला लागला तेव्हा त्याला पोचवायचं आणि आणायचं काम ताईंकडे होतं. शाळेच्या व्हरांड्यात वाट बघत बसल्या बसल्या त्यांनी खुणांची भाषा उचलली. ताई नेहमी सांगतात, "मी मराठी आणि खुणा बरोबरच शिकले. खुणांमध्ये माझं व्याकरण जास्त चांगलं आहे."

कॅमेरा त्यांच्या हातात आला तो लग्नांमुळे. घाटकोपरच्या एका फोटो स्टुडिओत त्या हिशेब आणि पावत्या बघायच्या. एका लग्नाच्या दिवशी व्हिडिओवाला आलाच नाही, तेव्हा मालकांनी कॅमेरा ताईंच्या खांद्यावर ठेवला. मांडवात नवऱ्या मुलाचे काका आडवे आले. "बाईमाणूस कॅमेरा घेऊन फिरणार?" ताईंनी त्यांच्याकडे लेन्स वळवली आणि म्हणाल्या, "फिरणार काका. हसा जरा, तुमच्यापासूनच सुरुवात करते." पुढची कित्येक वर्षं पूर्व उपनगरातली लग्नं, साखरपुडे, बारशी ताईंनी टिपली. माणसाच्या अंगावर न जाता त्याच्या जवळ कसं उभं राहायचं हे आपण मांडवात शिकलो, असं त्या आवर्जून सांगतात.

त्यांच्या मायेचा एक प्रसंग सांगतो, कारण तो माझ्या घरातला आहे. माझे बाबा मालवणहून येऊन गिरणीत लागले. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात उभी हयात गेली आणि म्हातारपणी त्यांचे कान गेले. यंत्र कानाला लावायला ते तयार नव्हते. कुणी काही बोललं की नुसती मान हलवायचे. हळूहळू त्यांनी बोलणंच टाकलं आणि खिडकीशी खुर्ची घेऊन बसून राहू लागले. एकदा ताई काही सामान घ्यायला आमच्या कांजूरमार्गच्या घरी आल्या. त्यांच्या ते एका बैठकीत लक्षात आलं. त्यानंतर दर रविवारी सकाळी त्या यायच्या आणि आई-बाबांना समोरासमोर बसवून खुणा शिकवायच्या. चहा, औषध, लाइट गेली, सून कुठं आहे, मासे कुठले आणलेस, अशा रोजच्या खुणा. दोन-तीन महिन्यांत आमच्या घरात पुन्हा भांडणं सुरू झाली. बाबा हात हलवून आईला सुनवायचे आणि आई दुप्पट हातवारे करून त्यांना गप्प करायची. आई अजूनही आल्यागेल्याला सांगते, "ताईन माझ्या घोवाक परत बोलतो केल्यान."

आता युक्रेनकडे येतो.

मिलिंददादा बुद्धिबळ खेळतात. कर्णबधिरांच्या एका परदेशातल्या स्पर्धेत त्यांची हलिना नावाच्या बाईंशी ओळख झाली. हलिना युक्रेनच्या पूर्व भागातल्या एका लहान शहरात कर्णबधिर मुलांची निवासी शाळा चालवत होत्या आणि आपली मुलं घेऊन स्पर्धेला आल्या होत्या. त्या ओळखीतून ताईंच्या डोक्यात माहितीपट आला. एक शाळा घाटकोपरची, एक तिकडची, आणि दोन्हीकडच्या मुलांचं रोजचं जगणं. घाटकोपरचा भाग आम्ही आधीच चित्रित केला होता. ऐन हिवाळ्यात आम्ही दोघं तिकडे गेलो. कॅमेरा ताई स्वतःच चालवतात, आवाज माझ्याकडे. मदतीला ओक्साना नावाच्या तिथल्या शिक्षिका होत्या. त्यांना इंग्रजी चांगलं यायचं, त्यामुळे हलिना आणि आमच्यामध्ये दुभाष्याचं काम त्या करायच्या. त्या शहराचं नाव ताई कुठल्याही मुलाखतीत घेत नाहीत. तिथं अजून माणसं राहतात, त्यांना आपल्यामुळे त्रास नको, असं त्यांचं म्हणणं आहे. म्हणून मीही ते लिहीत नाही.

तिकडच्या खुणा आपल्यापेक्षा वेगळ्या. पण ताई मुलांमध्ये जाऊन बसल्या, चुका करत राहिल्या, मुलं त्यांना हसत राहिली आणि थोड्याच दिवसांत त्यांचं सगळ्यांशी जमून गेलं. मार्ता नावाची दहा-अकरा वर्षांची एक चुणचुणीत मुलगी तर ताईंची मास्तरीणच झाली होती. चुकीची खूण केली की ती ताईंची बोटं धरून सरळ करायची.

एका पहाटे स्फोटांच्या आवाजानं मी दचकून उठलो. शाळेच्या तळमजल्यावर आमच्या खोल्या होत्या. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. ताई दारात उभ्या होत्या, कॅमेरा गळ्यात. आम्ही धावत वर मुलांच्या खोलीत गेलो. मुलं शांत झोपलेली होती. बाहेर आकाश फुटत होतं आणि आत मुलं गाढ झोपेत होती. ते दृश्य मी विसरू शकत नाही. फक्त मार्ता उठून बसली होती. लोखंडी पलंगाच्या कठड्यावर तिनं हात ठेवला होता आणि ती त्यातली थरथर तपासून बघत होती. तिनं ताईंना खुणेनं विचारलं, काय आहे? तेवढ्यात हलिना आल्या आणि त्यांनी खोलीतला दिवा भराभर चालू-बंद केला. मुलांना उठवायची ती नेहमीची रीत. मुलं डोळे चोळत उठली आणि हलिनांनी दोन्ही हातांनी एक खूण केली. ती खूण मला कुणी शिकवली नव्हती, तरी कळली: युद्ध.

ताईंनी कॅमेरा गळ्यातून काढला आणि खुंटीला अडकवला. मग एक गादी गुंडाळून खांद्यावर घेतली. मला वाटलं होतं त्या चित्रीकरण सुरू करतील. जगातल्या कुठल्याही माहितीपटवाल्यानं ते केलं असतं. ताईंनी तो दिवस गाद्या, बटाट्याची पोती आणि पाण्याचे कॅन तळघरात उतरवण्यात घालवला. बरीच मुलं आदल्या आठवड्यातल्या अफवांमुळे घरी गेली होती. ज्यांची घरं आणखी पूर्वेला होती, ज्यांचे आईवडील न्यायला येऊ शकले नव्हते, अशी पंधरा-सोळा मुलं उरली होती.

संध्याकाळी तळघरात सगळं लागल्यावर ताई हलिनांकडे गेल्या. ओक्साना मध्ये होत्या. ताई म्हणाल्या, "चित्रीकरण करायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नको म्हणालात तर कॅमेरा पिशवीत जाईल आणि पिशवीतच राहील."

हलिना बटाटे धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उद्या कुणीतरी म्हणेल की इथं शाळाच नव्हती, मुलंच नव्हती. घ्या."

तेव्हा ताईंनी मुलांना गोळा केलं आणि एक नियम सांगितला. ज्याला नको असेल त्यानं तोंडावर पंजा धरायचा. पंजा दिसला की कॅमेरा खाली. मुलांना तो नियम फारच आवडला. पहिले दोन दिवस तर त्यांचा खेळच झाला. मार्ता ऐटीत समोर येऊन बसायची आणि ताईंनी कॅमेरा लावला की पटकन पंजा धरून खुदुखुदु हसायची. ताई दर वेळी खरोखर कॅमेरा खाली घ्यायच्या. मुलांना त्यांचा भरवसा वाटला तो त्यामुळे.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी फोन आला. जवळच्या मोठ्या शहरातून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना घेऊन एक बस सीमेकडे निघत होती. आम्ही दोघं तिथवर पोचलो तर आम्हाला जागा होती. मुलांना अर्थातच नव्हती.

ताई म्हणाल्या, "तू जा दिलीप. मी ही पोरं बाहेर पडेपर्यंत थांबणार. तू गेलास तर मी रागावणार नाही, आणि थांबलास तर शाबासकीही देणार नाही. घरी फोन कर आणि ठरव."

मी बायकोला, सुनीताला, फोन लावला. ती रडत होती. दोन दिवस टीव्हीसमोरून हलली नव्हती. मी तिला बसचं सांगितलं.

"आणि ताई?"

"त्या नाही येत म्हणतात."

तिनं टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "हे बघ, तू येच. आज ये, उद्या ये, पण ये. मात्र ताईंना तिथं एकटीला टाकून आलास तर मी त्यांच्या भावाला काय तोंड दाखवू? घेऊनच ये त्यांना."

बस गेली. मी थांबलो. ताईंनी शब्दाप्रमाणे शाबासकी दिली नाही. माझ्यापुढे कोबीचं सूप ठेवलं आणि म्हणाल्या, "गरम आहे तोवर पी."

त्यानंतर वीज गेली. ऐकणाऱ्या माणसाला अंधाराची भीती वाटते, पण अंधारात त्याला बोलता येतं, शेजारच्याला हाक मारता येते. कर्णबधिर मुलाला अंधारात भाषाच उरत नाही. हात दिसत नाहीत, चेहरे दिसत नाहीत. वीज गेल्यावर तळघरातली पोरं जिथल्या तिथं थिजली. काही रडायला लागली आणि आपल्या शेजारचं मूल रडतंय हे दुसऱ्या मुलाला कळतही नव्हतं. टॉर्च होते, त्यांचे सेल लवकरच संपले; मोबाइल अडीअडचणीसाठी बंद करून ठेवले होते. मेणबत्त्या लावल्या तर तळघरात हवा कमी पडायची, मुलं खोकायला लागायची. उरला होता कॅमेऱ्यावर लावायचा आमचा लहानसा दिवा. तो कॅमेऱ्याच्याच बॅटऱ्यांवर चालायचा. भरलेल्या बॅटऱ्या मोजक्या होत्या आणि त्या पुन्हा भरायची काही सोय नव्हती.

ताईंनी कॅमेऱ्यातली बॅटरी काढून दिव्याला लावली.

"ताई, या गेल्या की शूट संपलं," मी म्हणालो.

"माहितीये."

"इतक्या लांब येऊन, हे सगळं समोर घडत असताना..."

"दिलीप, मिलिंद लहान असताना आमच्याकडे लाइट गेली ना, की तो माझा हात घट्ट धरून ठेवायचा. लाइट येईपर्यंत सोडायचा नाही. ते काय असतं ते मला ठाऊक आहे. दिवा मुलांना दे."

दिवा मुलांना दिला. हलिनांनी वेळा ठरवल्या. जेवताना आणि झोपायच्या आधी थोडा वेळ दिवा लागायचा. दिवा लागला की मुलं त्याच्याभोवती दाटीनं बसायची आणि सगळ्यांचे हात एकदम बोलायला लागायचे. दिवसभराचं साठलेलं असायचं. हलिना गोष्ट सांगायच्या. एकदा ताईंनी घाटकोपरच्या शाळेतल्या मुलांच्या खोड्या सांगितल्या, तर पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. दिवा मालवला की मात्र पुन्हा तेच. तेव्हा ताईंनी मार्ताचा पंजा हातात घेऊन त्यावर बोटानं लिहायला, थोपटायला, रेघा ओढायला सुरुवात केली. ताई आणि मिलिंददादा लहानपणी असंच बोलायचे. मार्तानं ते झटक्यात उचललं, शेजारणीला शिकवलं, तिनं पुढच्याला. दुसऱ्या दिवसापर्यंत तळघरातली सगळी मुलं अंधारात एकमेकांच्या तळहातावर बोलत होती.

मला ताईंनी वेगळं काम दिलं. माझ्या रेकॉर्डरची बॅटरी वेगळ्या मापाची, ती दिव्याला बसत नव्हती आणि चालायचीही भरपूर. लांबचा आवाज पकडणारा माइक मी तळघराच्या झरोक्यातून बाहेर काढला आणि हेडफोन लावून बसलो. विमान किंवा रणगाड्यांची घरघर इतरांच्या आधी मला ऐकू यायची. तळघराची जमीन फळ्यांची होती. मी पायानं दोनदा आपटलं की मुलांना ती धडक अंगात कळायची आणि ती भिंतीलगत आडवी व्हायची. लांब एकदा पाय घासला की सगळं ठीक. आयुष्यभर मी आवाज टिपला तो कुणाच्या तरी ऐकण्यासाठी. तिथं ज्यांना ऐकू येत नाही अशा मुलांसाठी मी ऐकत होतो. आणि रेकॉर्डर चालूच असल्यामुळे सगळं मुद्रितही होत होतं. बाहेरचे स्फोट, आतले श्वास, तळहातावर बोटं थोपटल्याचे बारीक आवाज, माझ्या पायाची धडक. चित्र मात्र नाही. त्या दिवसांचं जवळजवळ काहीही चित्र आमच्याकडे नाही.

बॅटऱ्या संपत आल्या होत्या तेव्हा एका सकाळी ओक्साना बातमी घेऊन आल्या की सामान्य माणसांसाठी शहराबाहेरचा एक रस्ता काही तास मोकळा ठेवणार आहेत. शाळेची छोटी बस होती. ओक्साना चाक धरून बसल्या. आत मुलं आहेत असं मोठ्या अक्षरांत लिहिलेली चादर बसच्या टपावर आणि बाजूंना बांधली. ताईंनी शेवटची बॅटरी कॅमेऱ्यात घातली आणि मुलं तळघरातून उजेडात येताना टिपली. डोळ्यांवर हात धरून एकेक मूल वर येतं आणि वर आलं की लगेच बोलायला लागतं, असा तो प्रसंग होता.

तो तुम्ही कधीच पाहणार नाही. शहराबाहेर चालून आलेल्या सैन्याची चौकी होती. बस थांबवली. एक जवान आत चढला, विशीतला असेल. त्यानं ताईंच्या मांडीवरचा कॅमेरा पाहिला आणि हात पुढे केला. ताईंच्या त्या कॅमेऱ्यावरच्या जिवापाड मायेची मला कल्पना होती. ताईंनी तो आतल्या कार्डासकट तसाच त्याच्या हातात ठेवला. चेहऱ्यावर काही नाही. आधीच्या दिवसांची कार्डं माझ्या माइकच्या पिशवीत होती. पिशवीकडे त्यानं बघितलं, आतल्या वायरी बघितल्या आणि सोडून दिली. मग त्यानं मुलांना काहीतरी विचारलं. कुणीच उत्तर देईना तेव्हा तो आवाज चढवायला लागला. हलिना उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपल्या कानाकडे बोट दाखवून मान हलवली. खाली उतरून त्यानं बस जाऊ दिली.

बऱ्याच अंतरावर गेल्यावर मी म्हणालो, "ताई, कॅमेरा..."

"मुलं पुढं चाललीयेत ना? मग झालं," ताई म्हणाल्या. आणि खिशातून मोबाइल काढून त्यांनी खिडकीबाहेरचा रस्ता टिपायला सुरुवात केली. कॅमेरा हातातून जाऊन तास उलटला नव्हता.

पुढचे दिवस ओक्साना बस चालवत राहिल्या आणि ताई मोबाइलवर टिपत राहिल्या. सीमेपलीकडच्या एका कर्णबधिरांच्या शाळेनं सगळ्या मुलांना ठेवून घेतलं. निरोप घेताना मार्ता ताईंच्या गळ्यात पडली. ताईंनी मोबाइल मला धरायला दिला होता. मार्तानं माझ्याकडे बघून तोंडावर पंजा धरला. या वेळी ती हसत नव्हती. मी मोबाइल बंद केला.

मुंबईला परतल्यावर ताईंच्या मुलुंडच्या घरी फोनवर फोन यायला लागले. एका वाहिनीच्या गृहस्थांचं आणि ताईंचं बोलणं माझ्यासमोर झालं. त्यांना मुलांच्या रडण्याची दृश्यं हवी होती.

"मॅडम, मुलं रडली असतीलच की."

"रडली ना. पण ती माझ्याजवळ रडली, तुमच्या प्रेक्षकांजवळ नाही. ठेवते."

संकलन मुलुंडच्या घरातच वर्षभर चाललं. अंधारातल्या दिवसांचा भाग ताईंनी तसाच ठेवला. पडदा काळा आणि माझ्या रेकॉर्डरवरचा आवाज. ज्यांनी ज्यांनी तो पाहिला त्यांनी तो भाग कमी करा म्हणून सुचवलं. प्रेक्षक उठून जातील, म्हणाले. ताईंनी एक सेकंदही कापला नाही. त्या बाबतीत त्या कुणाचं ऐकणार नाहीत हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

पण एका माणसाचं त्यांनी ऐकलं. सगळ्यात आधी माहितीपट दाखवला तो मिलिंददादांना. घाटकोपरला त्यांचं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे, ते बंद करून ते दुपारी आले. काळा भाग सुरू झाला. दादा वाट बघत राहिले. मग त्यांनी ताईंकडे वळून हात हलवायला सुरुवात केली. ताईंनी मला नंतर त्याचं मराठी करून सांगितलं. दादा म्हणत होते, "हा पिक्चर आमच्यावर आहे, पण आमच्यासाठी नाही. तू इथं ऐकणाऱ्यांना तळघरात नेलंस आणि मला बाहेर उभं केलंस. मला इथं नुसता बंद पडलेला पडदा दिसतो."

ताई खुर्चीत मागे टेकल्या. एवढ्या कष्टानं जपलेला भाग, आणि तो चुकला होता. एखादीनं समजूत घातली असती, स्पष्टीकरण दिलं असतं. ताईंनी दादांना विचारलं, "मग काय करू?" दादांनी वाकून जमिनीवर तळवा टेकवला.

पुढचे काही आठवडे दादा आणि मी त्याच्यामागे लागलो. खालच्या पट्टीतला आवाज काढणारे मोठे स्पीकर प्लायवूडच्या फळ्यांखाली बसवायचे आणि त्या फळ्यांवर प्रेक्षकांनी बसायचं. दादा फळीवर अनवाणी उभे राहून मला सांगायचे, जास्त, कमी, हे गुदगुल्या होतायत, हे बरोबर. पहिला जाहीर खेळ घाटकोपरच्या शाळेच्या सभागृहात झाला. मुलं, पालक, माजी विद्यार्थी सगळे फळ्यांवर मांडी घालून बसले होते. काळा भाग आला. सभागृहात मिट्ट अंधार. फळ्यांमधून माझ्या पायाच्या दोन धडका गेल्या आणि मागोमाग स्फोटाची थरथर. तो भाग संपून पडद्यावर उजेड आला तेव्हा मी मागून पाहिलं, जवळजवळ प्रत्येकानं शेजारच्याचा हात धरलेला होता. मिलिंददादांनी ताईंचा. ऐकणाऱ्यांपैकीही कुणी उठून गेलं नव्हतं.

तेव्हापासून हा माहितीपट जिथं जाईल तिथं फळ्या आणि स्पीकर बरोबर जातात. चेंबूर, बोरिवली, नाशिक, परदेशातही. आयोजक कुरकुर करतात, जागा नाही म्हणतात. ताई सांगतात, "मग खेळ नाही." आणि फळ्या लागतात.

ताईंच्या स्वभावात काटे आहेत, ते लपवत नाही. त्या उशीर खपवून घेत नाहीत, चहा थंड झाला की चिडतात, आणि एखादं दृश्य मनासारखं मिळेपर्यंत सगळ्यांना उपाशी ठेवतात. त्यांच्याबरोबर काम केलेल्या प्रत्येकानं एकदा तरी 'पुन्हा नाही' म्हटलेलं आहे. आणि पुढच्या वेळी फोन आला की पहिला तोच पोचलेला असतो.

हलिनांनी आता आपल्याच देशाच्या पश्चिम भागात, एका जुन्या इमारतीत शाळा पुन्हा सुरू केली आहे. सीमेपलीकडे गेलेली काही मुलं परत आली आहेत. मार्ता त्यांत आहे. ती आता चांगली उंच झाली आहे आणि व्हिडिओ कॉलवर ताईंच्या खुणांमधल्या चुका अजूनही काढते. युद्ध संपलेलं नाही. सायरन तिथंही वाजतात, म्हणून शाळेच्या प्रत्येक खोलीत सायरनबरोबर लागणारा लाल दिवा बसवला आहे. या हिवाळ्यात ताई पुन्हा तिकडे निघाल्या आहेत. त्यांच्या गुडघ्यांनी तक्रार सुरू केली आहे, डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलं आहे, आणि त्या शाळेला लिफ्ट नाही. हे सगळं मी त्यांना एकदा नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "तुझं पण तिकीट काढलंय. लोकरीचे मोजे जास्त घे."

रत्नाताई, या ग्रंथात तुम्हाला दीर्घायुष्य चिंतणारे पुष्कळ जण असतील, मीही त्यांच्यातलाच. पण माझ्या मागण्यात थोडा स्वार्थ आहे. तुमचे गुडघे बरे राहोत, डोळे असेच तीक्ष्ण राहोत, आणि नाही म्हणायची तुमची ताकद तसूभरही कमी न होवो. अजून कितीतरी ठिकाणी कुणीतरी उद्या म्हणणार आहे की इथं काही नव्हतंच. तिथं तुम्ही असायला हव्यात. तुम्ही कॅमेरा धरा ताई, आवाज मी घेतो.

दिलीप परब
कांजूरमार्ग